क्लोरीन जास्त हावरा की फ्लोरीन? (विद्युतऋणतेचा घोळ)

पाटावरवंटा

नमस्कार मंडळी. मी पतसंस्थेत हिशोब लिहिणारी बाई. रसायनशास्त्राचा आणि माझा संबंध दहावीच्या पेपराबरोबर संपला. लेक यंदा अकरावीला गेली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सगळं इंग्रजीत, त्यामुळे रोज रात्री आमच्याकडे भाषांतराचा कारखाना चालतो.

काल घेवडा मोडता मोडता तिने विचारलं, "आई, वहीत लिहिलंय की विद्युतऋणता म्हणजे इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची ताकद, आणि ती फ्लोरीनची सगळ्यात जास्त. पण पुढच्याच पानावर लिहिलंय की बाहेरून इलेक्ट्रॉन घेताना सगळ्यात जास्त ऊर्जा क्लोरीन सोडतो. मग जास्त हावरा कोण?" क्लासच्या सरांना विचारलं होतं म्हणे. "अपवाद आहे, पाठ कर" असं उत्तर मिळालं.

पाठ करायला ती तयार आहे हो, मीच नाही. कुणी मराठीत समजावेल का? आणि दुसरी शंका माझी स्वतःची : तक्त्यात फ्लोरीनची विद्युतऋणता ३.९८ दिलीय, हे असले आकडे आले कुठून? अणूला ताणकाटा लावून मोजतात का?

उगाच_शंका

ताणकाटा लावून 😂 आवडलं. खुर्ची आणि चहा घेऊन बसलो आहे.

खडूफळा

ताई, मुलीला शाबासकी द्या. तिने नेमक्या सांध्यावर बोट ठेवलं आहे. बत्तीस वर्षं शिकवलं, हा प्रश्न वर्षाआड एखादंच पोर विचारायचं.

आधी व्याख्या दुरुस्त करू. वहीतल्या व्याख्येतून एक शब्द गळला आहे. विद्युतऋणता म्हणजे *बंधात असताना*, *सामाईक* इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याचा कल. सामाईक हा शब्द काढला की सगळा घोळ सुरू होतो.

पुढच्या पानावरची गोष्ट वेगळी आहे. तिथे अणू एकटा आहे, वायुरूपात, शेजारीपाजारी कुणी नाही. त्याच्याकडे बाहेरून एक अख्खा इलेक्ट्रॉन येतो आणि ऊर्जा सुटते. मोलमागे (मोल म्हणजे अणूंचा ठरावीक मोठा गठ्ठा) क्लोरीनची ३४९ किलोजूल, फ्लोरीनची ३२८. म्हणजे या एका खेळात क्लोरीन पुढे, यात वाद नाही.

का? फ्लोरीन फार लहान आहे. त्याच्या बाहेरच्या कवचात आधीच सात इलेक्ट्रॉन दाटीवाटीने बसलेत. लोकलच्या डब्यात चौथ्या सीटवर कुणी टेकायला आला की बाकीचे तिघे जसे आक्रसतात तसं होतं. केंद्रक जोरात ओढतं खरं, पण आत बसलेले ढकलतात. क्लोरीनचं बाहेरचं कवच तिसरं, जागा ऐसपैस, म्हणून नवा पाहुणा तिथे जास्त सुखाने बसतो.

बंधात मात्र आठवा पाहुणा एकट्या फ्लोरीनच्या घरी राहायला येत नाही. जोडी दोघांच्या मध्ये असते आणि दोन्ही केंद्रकं तिला धरून असतात. तिथे प्रश्न उरतो तो जोडीवर कुणाच्या केंद्रकाचा जोर जास्त पोचतो हा. फ्लोरीनच्या केंद्रकात ९ प्रोटॉन, त्यांना झाकायला आतल्या कवचात फक्त २ इलेक्ट्रॉन, आणि बंधाची जोडी केंद्रकाच्या अगदी जवळ. क्लोरीनचे प्रोटॉन १७, पण आत १० इलेक्ट्रॉनांचा पडदा आणि अंतरही जास्त. म्हणून ३.९८ विरुद्ध ३.१६.

आवर्तसारणीची दुसरी ओळ डावीकडून उजवीकडे वाचून बघा : लिथियम ०.९८, बेरिलियम १.५७, बोरॉन २.०४, कार्बन २.५५, नायट्रोजन ३.०४, ऑक्सिजन ३.४४, फ्लोरीन ३.९८. दर घराला साधारण अर्ध्याची पायरी. प्रोटॉन एकेकाने वाढतायत, पडदा तेवढाच राहतोय.

ताणकाट्याचं उत्तर संध्याकाळी. नातवाला शाळेतून आणायचं आहे.

मुळशीकर

मी मुलांना रस्सीखेच सांगतो. दोन गट, मध्ये दोर, ताकदवान गटाकडे दोर सरकतो. लगेच समजतं.

उगाच_शंका

पण रस्सीखेचीत शेवटी एक गट आपटतो आणि दोर दुसरा घेऊन जातो. बंधात दोर मध्येच राहतो की. माझ्या मते गोधडी. थंडीत दोन भाऊ एका गोधडीत झोपलेत. थोरला झोपेत ओढतो, धाकट्याचे पाय उघडे पडतात, पण गोधडी दोघांच्याच अंगावर असते. धाकट्याचे उघडे पाय म्हणजे थोडासा धनप्रभार.

(स्वानुभव. मी धाकटा.)

खडूफळा

गोधडी रस्सीखेचीपेक्षा बरी. तिच्यात एक गोष्ट आपोआप येते : किती ओढली जाईल ते शेजारी कोण झोपलंय त्यावर ठरतं. क्लोरीन हायड्रोजनशेजारी असला की गोधडी त्याच्याकडे. तोच फ्लोरीनशेजारी गेला की पाय त्याचे उघडे. ऑक्सिजनसारखा बलाढ्य गडीसुद्धा फ्लोरीनपुढे नमतो. ओएफ२ या संयुगात ऑक्सिजनची ऑक्सिडीकरण अवस्था चक्क अधिक दोन असते, म्हणजे हिशोबात त्याने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले धरतात.

आता ताणकाटा. लायनस पॉलिंग यांनी १९३२ साली ही मोजपट्टी मांडली. (रसायनशास्त्राचं नोबेल १९५४ चं, आणि शांततेचं १९६२ चं. दोन्ही एकट्याच्या नावावर.) त्यांनी अणूला हातही लावला नाही. त्यांनी बंध तोडायला लागणाऱ्या ऊर्जेचा हिशोब तपासला. ताई, हे तुमच्या हातचं काम आहे, म्हणून आकडे देतो आणि गप्प बसतो.

हायड्रोजन-हायड्रोजन बंध : ४३६. क्लोरीन-क्लोरीन : २४२. हायड्रोजन-क्लोरीन : ४३१. सगळे किलोजूल, मोलमागे.

दोघांनी अगदी समसमान वाटणी केली असती तर मिश्र बंधाची ऊर्जा पहिल्या दोहोंच्या सरासरीइतकी यावी. येते का बघा. जो फरक येईल त्याला ९६.५ ने भागा आणि वर्गमूळ काढा. (९६.५ हे फक्त एककाचं रूपांतर आहे, किलोजूलचे इलेक्ट्रॉन व्होल्ट.)

पाटावरवंटा

सर!! जेवण गॅसवर ठेवून केलं.

४३६ अधिक २४२ म्हणजे ६७८, निम्मे ३३९. प्रत्यक्षात ४३१. म्हणजे ९२ जास्तीचे. ९२ भागिले ९६.५ बरोबर ०.९५३. वर्गमूळ ०.९८.

आणि लेकीच्या तक्त्यात क्लोरीन ३.१६, हायड्रोजन २.२०. फरक ०.९६! जवळजवळ जुळलं की.

म्हणजे हे ताळेबंदातल्या "फरक"सारखं झालं. दोन्ही बाजू जुळत नाहीत आणि जो फरक उरतो त्यातच खरी गोष्ट असते.

मग हाव सुटली म्हणून फ्लोरीनचंही केलं. लेकीच्या पुस्तकातून फ्लोरीन-फ्लोरीन १५८, हायड्रोजन-फ्लोरीन ५६७ घेतले. सरासरी २९७, जास्तीचे २७०, भागून २.८०, वर्गमूळ १.६७. पण तक्ता म्हणतो १.७८. इथे का नाही जुळत? माझी बेरीज तीनदा तपासली.

खडूफळा

बेरीज बरोबर आहे. तक्त्यातला आकडा एकाच बंधावरून काढलेला नाही. फ्लोरीनचे अनेकांशी होणारे बंध घेऊन सगळ्यांशी त्यातल्या त्यात बरा बसेल असा आकडा निवडला आहे. त्यातून फ्लोरीन-फ्लोरीन बंध मुळातच विचित्र दुबळा. दोन्ही अणू लहान, दोघांकडे बंधात न गुंतलेल्या तीन-तीन जोड्या, त्या समोरासमोर येऊन एकमेकींना ढकलतात. म्हणून १५८, क्लोरीनच्या २४२ पेक्षा कितीतरी कमी. मुलीच्या मूळ प्रश्नातली दाटीवाटी इथे पुन्हा भेटली बघा.

अजून एक. या हिशोबातून फक्त *फरक* मिळतो. कुणाला तरी एकाला आकडा बहाल करावा लागतो, मग बाकीच्यांचे ठरतात. हायड्रोजनला आधी २.१ दिला होता, नंतर २.२० केला. समुद्रसपाटी शून्य धरून गडांची उंची सांगतो तसंच. आणि पट्टीही एकच नाही. मलिकन यांनी १९३४ मध्ये वेगळा रस्ता धरला : अणूचा इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा आणि नवा घेताना सुटणारी ऊर्जा, या दोहोंची सरासरी. तिथे मुलीचं "पुढचं पान" हिशोबात येतं, पण निम्म्या वाट्यापुरतं. दुसरा निम्मा वाटा फ्लोरीन इतका दणदणीत जिंकतो की एकूण बाजी त्याचीच.

पाटावरवंटा

हे तिला वाचून दाखवलं. "मग सरांनी अपवाद का म्हटलं? दोन वेगळ्या परीक्षांचे दोन निकाल आहेत" असं म्हणाली आणि उरलेला घेवडा माझ्यावर टाकून गेली.

रसायनीकर

धागा आत्ता पाहिला. प्लँटवर आयुष्य गेलं, म्हणून जरा धोक्याच्या बाजूने.

हायड्रोजन-फ्लोरीन बंध इतका एकतर्फी, तेव्हा हायड्रोफ्लोरिक ॲसिड सगळ्यात तीव्र असेल असं पोरं धरून चालतात. पाण्यात ते सौम्य आम्ल आहे! हायड्रोक्लोरिक तीव्र. कारण तो ५६७ चा बंध आधी तुटावा लागतो, तो सहजी तुटत नाही. विद्युतऋणतेवरून आम्लाची तीव्रता थेट वाचायला गेलात तर फसाल.

सौम्य हे पुस्तकापुरतं. एका जुन्या नोकरीत (नाव नको) एका हेल्परच्या हातमोज्याला सुईएवढं भोक होतं. दुपारी काही नाही. पातळ द्रावण कातडीतून आत शिरतं, लगेच आगही होत नाही. रात्री नऊला बोट धरून ओरडत आला. फ्लोराइड आत जाऊन कॅल्शियम पकडतं. आमच्याकडे कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल कपाटात होतं, पण कपाटाची किल्ली सुपरवायझरच्या खिशात आणि सुपरवायझर घरी. कुलूप फोडलं. बोट वाचलं. दुसऱ्या दिवसापासून जेल कपाटाबाहेर, भिंतीला टांगलेलं.

आणि हो, ते काचेच्या बाटलीत ठेवत नाहीत. काच खातं.

सोनारबापू

वाचतोय, निम्मं डोक्यावरून जातंय, तरी मजा येतेय. तक्ता शोधून आधी सोनं बघितलं, धंदा आहे ना. सोनं २.५४, चांदी १.९३, तांबं १.९०. सोनं एवढं पुढे कसं? कार्बनच्या मांडीला मांडी लावून बसलंय.

खडूफळा

बापू, झकास निरीक्षण. सोन्याच्या केंद्रकात ७९ प्रोटॉन. आतले इलेक्ट्रॉन प्रकाशवेगाच्या निम्म्याहून जास्त वेगाने असतात, तिथे आइन्स्टाइनची सापेक्षता लागू पडते. परिणामी बाहेरचा इलेक्ट्रॉनही आत आवळला जातो आणि केंद्रकाची पकड वाढते. सोन्याचा पिवळा रंगही याच भानगडीतून येतो.

गंमत पुढे आहे. सीझियम हा ०.७९ वाला, सगळ्यात उदार. त्याची सोन्याशी गाठ घातली की सोनं चक्क इलेक्ट्रॉन *घेतं* आणि ऋण आयन बनतं. मिठात क्लोरीनची जी जागा, ती इथे सोन्याची. धातू-धातूचं मिश्रण म्हणावं तर ते वागतं क्षारासारखं.

सोनारबापू

म्हणजे डाग नाही, मीठ! गिऱ्हाइकाला सांगू नका.

उगाच_शंका

आता माझी खरी शंका. आम्हाला शिकवलं होतं की विद्युतऋणतेतला फरक १.७ पेक्षा जास्त असला की बंध आयनिक (इलेक्ट्रॉन एकाने दुसऱ्याला देऊन टाकलेला), कमी असला की सहसंयुज (वाटून घेतलेला). परीक्षेत यावर चार मार्क कमावलेत. हे बरोबर की हेही "पाठ कर" गटातलं?

रसायनीकर

तूच तपास. सिलिकॉन १.९०, फ्लोरीन ३.९८. फरक २.०८. मिठाचा २.२३. दोघं शेजारीच की नाही? मीठ ८०१ अंशाला वितळतं. सिलिकॉन टेट्राफ्लोराइड खोलीच्या तापमानाला वायू आहे, उणे ८६ ला उकळतो. बोरॉन ट्रायफ्लोराइडही १.९४ फरक असून वायूच. सिलिंडर हाताळलेत म्हणून छातीठोक सांगतो.

खडूफळा

१.७ हा आकडा पॉलिंग यांच्याच सूत्रातून येतो, तिथे बंध साधारण निम्मा आयनिक ठरतो. म्हणजे तो उतारावरचा मधला दगड आहे. पुढे त्याची भिंत कुणी केली कोण जाणे, पण प्रश्नपत्रिकेला भिंती आवडतात.

वाटणी किती एकतर्फी आहे ते प्रत्यक्ष मोजताही येतं. हायड्रोजन क्लोराइडमध्ये एक अख्खा इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे गेला असता तर रेणूचा द्विध्रुव (दोन टोकांवरचे प्रभार किती दुभंगलेत त्याचं माप, एकक डिबाय) सुमारे ६.१ डिबाय भरला असता. मोजला तर भरतो १.०८. म्हणजे रुपयात सतरा-अठरा पैसे सरकले. हायड्रोजन फ्लोराइडमध्ये ४.४ पैकी १.८२, रुपयातले एक्केचाळीस पैसे. फ्लोरीनलासुद्धा सगळा रुपया मिळत नाही.

मुळशीकर

घरी दाखवायला सोपा प्रयोग : नळाची बारीक धार सोडा, कंगवा केसांवर घासून जवळ न्या. धार वळते. पाणी ध्रुवीय (रेणूचं एक टोक थोडं धन, दुसरं थोडं ऋण) असल्याचा हा पुरावा.

पाटावरवंटा

केला. पहिल्यांदा काहीच झालं नाही. बाहेर पाऊस, केस दमट, कंगव्यावर प्रभारच टिकेना. मग लेकीने प्लॅस्टिकची पट्टी जुन्या लोकरी मफलरवर दोन मिनिटं घासली आणि धार अशी वाकली की ओट्यावर पाणी. नणंद बघत होती, तिला वाटलं आम्ही काही उतारा वगैरे करतोय.

खडूफळा

प्रयोग छान, पण "पुरावा" शब्दाला माझा आक्षेप. पट्टी धारेतल्या पाण्यात विरुद्ध प्रभार खेचून आणते, तो प्रभार घेऊनच पाणी खाली पडतं, आणि मुख्य ओढ त्या प्रभाराची. प्रत्येक रेणूच्या दोन टोकांवर एकाच वेळी ओढ आणि ढकल असते. दोहोंतला फरक इतका किरकोळ की धार एवढी वाकवायला तो पुरत नाही. मीही वीस वर्षं वर्गात चुकीचं सांगितलं आहे. त्या बॅचेस इथे असतील तर क्षमस्व.

पाण्याच्या ध्रुवीयतेची साक्ष हवी असेल तर उत्कलनबिंदू बघा. पाणी १०० ला, त्याचा भाऊ हायड्रोजन सल्फाइड उणे ६० ला. गंधक ऑक्सिजनहून जड असूनही! गंधकाची विद्युतऋणता २.५८, हायड्रोजनच्या जवळपास, म्हणून तिथे पाय फारसे उघडे पडत नाहीत. पाण्यात पडतात, आणि ते उघडे पाय शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतात. यालाच हायड्रोजन बंध म्हणतात.

उगाच_शंका

मग कार्बन डायऑक्साइड? तिथेही ऑक्सिजन ओढतोच की.

खडूफळा

ओढतो, पण दोन ऑक्सिजन सरळ रेषेत दोन्हीकडून. मधल्याची गोधडी दोघांनी सारखीच पळवली, एकूण रेणू ध्रुवीय नाही. पाणी १०४.५ अंशात वाकडं, म्हणून तिथे बेरीज शून्य होत नाही. बंध ध्रुवीय असणं वेगळं, रेणू ध्रुवीय असणं वेगळं.

आणि आता तुमची झोप उडवतो. कार्बन *मोनॉ*क्साइड. कार्बन २.५५, ऑक्सिजन ३.४४. ऋण टोक कुठलं?

उगाच_शंका

ऑक्सिजन. अर्थात.

खडूफळा

कार्बन! द्विध्रुव अगदी लहान, ०.११ डिबाय, पण ऋण टोक कार्बनचं. तिथे तिहेरी बंध आहे आणि त्या भागीदारीत भांडवलाच्या सहा इलेक्ट्रॉनांपैकी चार ऑक्सिजनने घातलेत, दोनच कार्बनने. ऑक्सिजन आपल्याकडे ओढतो हे खरंच, पण घातलंय त्याहून थोडंसं कमी परत मिळतं. शिवाय कार्बनवर एक मोकळी जोडी पलीकडे बाहेर काढलेली आहे, तिचं वजन त्या टोकाला. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या लोहाला हा विषारी वायू चिकटतो तोही कार्बनच्याच टोकाने.

पाटावरवंटा

भागीदारी पेढीच्या भाषेत सांगितलंत म्हणून चटकन समजलं. भांडवल कुणी किती घातलं ते न बघता नुसती नफ्याची वाटणी बघितली की ताळेबंद चुकणारच.

लेकीची शेवटची शंका, मग तिला झोपायला पाठवते. तक्त्यात निऑनच्या चौकोनात नुसती रेघ आहे. फ्लोरीनच्या लगेच पुढचं घर, प्रोटॉन अजून एक जास्त, मग त्याचा आकडा चारच्याही वर हवा. छापायचा राहिला का?

खडूफळा

तिला विचारा, ताई, की तुम्ही क्लोरीनचा आकडा काढलात तेव्हा सगळ्यात आधी काय लागलं होतं.

पाटावरवंटा

"हायड्रोजन-क्लोरीन बंधाची ऊर्जा." दोन सेकंद गप्प. मग : "निऑन कुणाशी बंधच करत नाही. मग फरक कशाचा काढणार?"

खडूफळा

बरोबर. आता तिला त्याच स्तंभात खाली झेनॉनपाशी जायला सांगा. तिथे २.६ दिसेल. १९६२ मध्ये नील बार्टलेट यांनी झेनॉनचं पहिलं संयुग केलं, पाठोपाठ झेनॉनचे फ्लोराइड आले, आणि मग त्याचाही हिशोब मांडता आला.

पाटावरवंटा

दिसला. आता निऑनच्या रेघेवर पेन्सिलीने "शेजारी नाही" असं लिहून ती झोपलीय.